माझं समाधान झालं

पक्षात तिला सगळेच मावशी म्हणत. अध्यक्ष सत्तरीचे, तिच्याहून चौदा वर्षांनी मोठे, तेसुद्धा मावशीच म्हणत. कुणाच्या बायकोला दवाखान्यात न्यायचंय, मावशीला सांगा. सभेच्या आदल्या दिवशी मंडपवाला फोन उचलत नाही, मावशीला सांगा. दोन कार्यकर्त्यांची जुंपलीय, मग तर मावशीला आधी सांगा. पक्षाचं काम ती पहिल्यापासून नोकरी सांभाळून करायचीच, पण टेलिफोन खात्यात अठ्ठावीस वर्षं काढून, मुदतीआधी नोकरी सोडून ती पक्षाच्या कार्यालयात येऊन बसली होती. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "सवड कुठे मिळाली?" आणि ते काही खोटं नव्हतं.

पण एवढ्या गोतावळ्यात तिला सख्ख्या नात्याने मावशी म्हणणारी एकच होती, धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी एका जागी म्हणून बसायची नाही, तेव्हा भिंगरी नाव पडलं ते पडलंच. चोवीस वर्षांची झाली, कार्यालयातल्या मतदारयाद्या एकटीच्या जिवावर सांभाळायला लागली, तरी भिंगरीच. मावशीनेच तिला पक्षात आणलं. बहीण घरी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून द्यायची, निवडणूक आली की पक्षाचे झेंडेही हौसेने शिवायची. पोरीला पाठवताना ती म्हणाली होती, "तुझ्या भरवशावर पाठवतेय हं, ताई." मावशी हसली होती. "अगं, घरच आहे ते!"

घर! आता ते घर कसं होतं तेही सांगते, कारण झालं ते सगळं तिथेच. छापखान्याच्या वरचा मजला. जिना एवढा अरुंद की समोरून जाडा माणूस आला तर आपण मागे उतरायचं. पुढच्या खोलीत खुर्च्यांची चळत, कर्णे, फलकांच्या काठ्या. मागची खोली शहरप्रमुखांची. आणि मधल्या खोलीत एक लांबलचक टेबल. त्या टेबलाशी पक्षाची समाधान बैठक व्हायची.

ही समाधान बैठक म्हणजे त्या पक्षाचा केवढा अभिमान! संस्थापकांनी घालून दिलेली रीत. घरातलं भांडण घरात मिटवायचं, चव्हाट्यावर न्यायचं नाही. भांडणारे दोघं समोरासमोर, एका टोकाला अध्यक्ष, दुसऱ्या टोकाला मावशी, दार बंद. दोघांनी तोंडाने 'माझं समाधान झालं' असं म्हटल्याशिवाय कुणी उठायचं नाही. चहासुद्धा त्यानंतरच. एकदा कर्ण्याचं तोंड कुठल्या गल्लीकडे करायचं यावरून दोन कार्यकर्ते नऊ तास बसले होते. नवव्या तासाला एकाच्या पोटातले कावळे असे काही ओरडले की दुसऱ्याला हसू फुटलं, आणि मिटलं. पुढे ते दोघं व्याही झाले. ही गोष्ट मावशी प्रत्येक नव्या माणसाला सांगायची, आणि दर वेळी स्वतःच डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. खुर्चीचं भांडण, फलकावर फोटो कुणाचा मोठा याचं भांडण, सगळी त्या टेबलावर मिटली. टेबलावर न मिटणारं काही असतं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शहरप्रमुख पेशाने वकील. सगळे वकीलसाहेब म्हणत. बोलायला उभे राहिले की लोक घरी जायचं विसरत. मागच्याच वर्षी समोरच्या पक्षाच्या एका पुढाऱ्याने त्यांच्याच एका कार्यकर्तीवर हात टाकल्याचं उघड झालं, तेव्हा वकीलसाहेब चौकात तासभर कडाडले होते. "ही मुलगी कुठल्याही पक्षाची असो, आज ती आमची लेक आहे!" भिंगरी पहिल्या रांगेत फलक घेऊन उभी होती. टाळ्या वाजवून तिचे तळवे लाल झाले होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण चोवीस वर्षांच्या पोरीला भाषण ऐकताना ते कुठून आठवणार?

एका शनिवारी दुपारी वकीलसाहेबांनी तिला याद्या तपासायला मागच्या खोलीत बोलावलं. खाली छापखाना चालू होता. त्यांनी आतून कडी घातली. पुढे काय झालं ते भिंगरीने नंतर मावशीला जिन्यात सांगितलं, भिंतीला पाठ लावून, तुटक तुटक. त्यांनी कुठे हात घातला, काय म्हणाले, ती कशी ओरडली आणि छापखान्याच्या आवाजात ते कुणालाच कसं ऐकू गेलं नाही. तिच्या बाहीची शिवण खांद्यापासून उसवली होती आणि ती दुसऱ्या हाताने ती बाही धरून उभी होती.

"मी पोलिसांत जाते, मावशी. आत्ता. तू चल माझ्याबरोबर."

तिने पोरीला जवळ ओढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. तिला रडू आलं, अगदी खरं रडू. आणि रडता रडताच ती म्हणाली, "थांब गं बाळा. पोलिसांत गेलीस तर तुझीच अब्रू चघळतील. आपल्याकडे न्याय होतो. मी बसलेय ना? तू लिहून दे. मी बघते त्यांच्याकडे."

पुढे किती दिवस हे बोलणं मावशी मनातल्या मनात उलटसुलट करून बघत राहिली. तिला वाटायचं, मी खोटं बोलले नव्हते. आणि तेच तर! खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. तिचा विश्वास होता हो त्या टेबलावर.

भिंगरीने लिहून दिलं. दोन पानं, स्वच्छ अक्षरात. अध्यक्षांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "फार वाईट. फारच वाईट." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "आणि निवडणूक तोंडावर आलीय."

पंधरा दिवसांनी समाधान बैठक ठरली. मावशीला क्षणभर खटकलं, नाही असं नाही. ज्याने हात टाकला त्याच्यासमोरच पोरीला बसवायचं? ती अध्यक्षांना तसं म्हणालीसुद्धा. अध्यक्ष म्हणाले, "अहो मावशी, रीत सगळ्यांना सारखी. उद्या ते म्हणतील, मला समोर ऐकवलंच नाही. आणि तुम्ही आहातच की तिच्या बाजूला." रीत म्हटलं की तिची बोलतीच बंद व्हायची.

सकाळी अकरा वाजता दार बंद झालं. भिंगरी जे सांगायचं ते दोन वाक्यांत बोलली आणि थांबली. मग वकीलसाहेब बोलायला लागले. पाऊण तास! आपण पक्षाला किती वर्षं दिली, विरोधक कसे टपून बसलेत, आपल्यालाही मुली आहेत. "माझ्या वडीलधाऱ्या वागण्याने हिचा काही गैरसमज झाला असेल, तर मला खेद आहे." एकदा तर त्यांचा आवाजही भरून आला. भिंगरी टेबलाकडे बघत होती. जी पोरगी जेवतानासुद्धा दोनदा उठायची, ती पुतळ्यासारखी बसली होती.

"पोरी, साहेबांनी खेद व्यक्त केला," अध्यक्ष म्हणाले. "तुझं समाधान झालं?"

"नाही."

मग पुन्हा तेच. साडेबारा झाले, दीड झाला. अध्यक्ष समजावत होते, वकीलसाहेब उसासे टाकत होते. दर अर्ध्या तासाने तोच प्रश्न, तेच उत्तर. अडीचच्या सुमाराला भिंगरी हळूच म्हणाली, "मला बाथरूमला जायचंय."

"झालंच आता, पोरी," अध्यक्ष म्हणाले. "एवढं मिटलं की जा."

मावशीने ते ऐकलं. तिने उठून दार उघडायला हवं होतं. कडी हाताच्या अंतरावर होती, गंजकी, जरा वर उचलून ओढायची, तिच्या सवयीची. पण तिच्या मनात काय आलं? तिच्या मनात आलं, बिचारी दमली. एकदाचं म्हणाली की सुटेल. मग बघू पुढचं काय ते. तिने खुर्ची सरकवली, भिंगरीच्या शेजारी गेली आणि टेबलाखाली तिच्या गुडघ्यावर हात ठेवून कानात म्हणाली, "म्हणून टाक गं. नुसतं तोंडाने. मग मी आहे."

भिंगरीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग समोर बघून म्हणाली, "माझं समाधान झालं."

"माझंही," म्हणत वकीलसाहेबांनी लगेच पिशवीतून कागद काढला. टाइप केलेला, तयार. 'गैरसमजातून दिलेली तक्रार मी स्वखुशीने मागे घेत आहे.' खाली भिंगरी, मावशी आणि अध्यक्ष अशा तिघांच्या सह्यांसाठी रेघा आखलेल्या. हा कागद आज इथे येण्याआधीच तयार झालाय, हे मावशीच्या लक्षात आलं. चांगलं लख्ख लक्षात आलं. तरी तिने सही केली, आणि पहिली सही तिचीच होती. मग भिंगरीने केली आणि ती बाथरूमकडे धावली. बाहेर चहा आला. भिंगरीचा कप तसाच निवत राहिला. ती मागच्या मागे जिना उतरून गेली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पक्षाने पत्रक काढलं, की एका तक्रारीची अंतर्गत चौकशी पूर्ण झाली असून संबंधित कार्यकर्तीचे समाधान झाले आहे. कार्यालयात लोक बोलायचे ते मावशी आली की गप्प व्हायचे. तिच्या कानावर तरीही आलंच. पोरीला उमेदवारी हवी होती म्हणे, नाही मिळाली म्हणून हे केलं. बोलणारा तोच, ज्याच्या बायकोच्या बाळंतपणात मावशी दोन दिवस दवाखान्यात बसली होती. मावशी त्याला म्हणाली, "अरे, जनाची नाही तर मनाची तरी ठेव!" तो म्हणाला, "पण मावशी, तुमचीच सही आहे ना?" महिन्याभरात उमेदवारांची यादी आली. पहिलं नाव वकीलसाहेबांचं.

आणि मावशी काय करत होती? भिंगरीला फोन करत होती. ती उचलायची नाही. मावशी म्हणायची, राग आहे, उतरेल. 'मग मी आहे' म्हणाली होती, ते तिला आठवत नव्हतं असं नाही. पण निवडणूक होऊ दे, मग अध्यक्षांशी बोलू, मग कार्यकारिणीत विषय काढू. तिचा 'मग' रोज एकेक दिवस पुढे सरकत होता.

शेवटी झेंड्यांचं कापड आलं. मावशीला तेवढंच निमित्त हवं होतं. दोन तागे रिक्षात घालून ती बहिणीकडे गेली. दर निवडणुकीला जायची तशीच. इतक्या वर्षांच्या सवयीने माणूस किती आंधळा होतो बघा! बहीण मशीनवर बसली होती. तिने कापडाकडे पाहिलं आणि मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"झेंडे?" ती म्हणाली. "माझ्याकडून?"

"अगं, मी म्हटलं, तेवढ्या निमित्ताने भिंगरीला..."

"ती मागच्या आठवड्यात पोलिसांत जाऊन आली, ताई. एकटी गेली. मलाही सांगितलं नाही. अधिकाऱ्याने ऐकून घेतलं. मग तिसऱ्या दिवशी बोलावून तिला तो कागद दाखवला. वकिलाने पाठवलेला. म्हणाला, बाई, यावर तुमच्या सख्ख्या मावशीची सही आहे. सख्खी मावशी कशाला खोटी सही करेल?"

मावशीने तागे दारातच खाली ठेवले.

"माय मरो, मावशी जगो म्हणतात," बहीण म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर मावशीला सोपं गेलं असतं. "मी तेच धरून चालले होते. तुझ्या हातात दिली होती गं ती. परकं कुणी असतं तर तिने ऐकलं तरी असतं का? तू म्हणालीस म्हणून ती बोलली."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मावशीने एकदा हाक मारली, "भिंगरी." उत्तर आलं नाही. मावशी जिना उतरली. तागे दारातच राहिले.

रस्त्यात तिला एकदम ढसाढसा रडू आलं. लोक वळून बघत होते. किती माणसांची भांडणं आपण त्या टेबलावर मिटवली, आणि त्यातली किती जणं नुसती सुटका व्हावी म्हणून ते वाक्य म्हणाली असतील, हा विचार तिला आयुष्यात पहिल्यांदा आला. लाज वाटली. भयंकर लाज वाटली.

ती तशीच अध्यक्षांच्या घरी गेली. अध्यक्ष व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते.

"मी पोलिसांत जबाब देणार आहे," ती म्हणाली. "तो कागद जबरदस्तीचा आहे. चार तास कोंडून ठेवून घेतलेला."

"कोंडून? अहो, काय बोलताय! दार तुमच्याच मागे होतं."

"हो," मावशी म्हणाली. "तेच सांगणार आहे."

अध्यक्षांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ते वाईट माणूस नव्हते, हेच तर वाईट. "मावशी, तुम्ही आणि मी हा पक्ष भिंती रंगवून उभा केलाय. एका माणसासाठी बुडवणार?"

"एका माणसासाठी आपण तो आधीच बुडवलाय, अध्यक्ष. मी फक्त सांगायला आले."

पोलीस ठाण्यात तिला दोन तास बाकावर बसवलं. मग अधिकाऱ्याने तो कागद समोर ठेवला. "ही सही तुमचीच?"

"माझीच."

"मग तेव्हा खोटं होतं की आता खोटं आहे?"

"तेव्हा."

"असं लिहिलंत तर तुमच्यावरही येईल, बाई. दाबाखाली सही घेण्यात तुम्हीही होतात असं होईल."

"होतेच मी," मावशी म्हणाली. "लिहा. मीच तिला म्हणाले, म्हणून टाक. तेही लिहा. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले." अधिकाऱ्याने गुडघ्याचं काही लिहिलं नाही. बाकीचं लिहिलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी पक्षाने मावशीला काढून टाकलं. शिस्तभंग. अंतर्गत बाब चव्हाट्यावर नेल्याबद्दल. ज्यांना वकिलावर बोट ठेवायला पंधरा दिवस पुरले नव्हते, त्यांना हिला हाकलायला एक दुपार पुरली. समाधान बैठक नाही, समोरासमोर नाही, काही नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर मावशी स्वतःच म्हणाली असती, मी कुठली संन्याशी? पत्र घेऊन आलेला कार्यकर्ता तोच बाळंतपणवाला. तो मान खाली घालून म्हणाला, "मावशी, माझा नाइलाज आहे." तिने त्याला पाणी विचारलं. अंगवळणी पडलेलं, काय करणार? तो प्यायला नाही.

तिच्या जबाबामुळे तक्रार नोंदवून घेतली गेली, एवढं मात्र झालं. वकीलसाहेबांनी सभांतून सांगायला सुरुवात केली, की माझ्याविरुद्ध एका कुटुंबाने कट केलाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खटला कधी उभा राहील कोण जाणे. निवडणूक ते जिंकले, थोड्या मतांनी का होईना.

निकालानंतर चार दिवसांनी बहिणीचा निरोप आला. भिंगरीला दुसऱ्या गावात नोकरी लागलीय, आज दुपारच्या गाडीने निघतेय, यायचं तर ये. मावशी धावतच गेली. भिंगरी खोलीच्या मधोमध बसून बॅग भरत होती. बारीक झाली होती. मावशीला बघून ती उठली आणि खुर्चीवरचे कपडे बाजूला करून तिला जागा करून दिली. हे फार दिवसांनी घडत होतं, आणि मावशीला वेडी आशा वाटायला लागली.

"जबाब दिलास ते कळलं," भिंगरी म्हणाली. "अधिकारी म्हणाला, तुझ्या मावशीने स्वतःवर घेतलं. पक्षातून काढलं ना तुला?"

"जाऊ दे गं ते. त्यांचं काय एवढं." मावशीने तिचा हात धरला. "कोर्टात मी उभी राहीन. दर तारखेला येईन. आता मी मागे हटायची नाही, बघ तू."

भिंगरीने हात सोडवून घेतला नाही. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, मग खिडकीकडे. तिचे डोळे भरून आले होते.

"तू चांगलं केलंस, मावशी. खरंच. मी कोर्टात तसं सांगेन." मग ती थांबली. "पण मला तू त्या दिवशी हवी होतीस. मी तुझ्याकडे बघितलं ना, तेव्हा. मला वाटलं, आता ही दार उघडेल."

जिने तीस वर्षं दुसऱ्यांची समजूत घातली तिला स्वतःसाठी एक वाक्य सापडेना. आतून बहिणीने, गाडीची वेळ झाली, असं म्हटलं. भिंगरीने हलकेच हात काढून घेतला आणि बॅगेची चेन ओढली.

"मी येऊ स्टँडपर्यंत?" मावशीने विचारलं. "बॅग तरी धरते."

"नको," भिंगरी म्हणाली. "आई येतेय."